खाडा सांगायचा तर उंबऱ्याशी

शालनबाईच्या खानावळीत कायदा एकच होता, पण कडक होता. ज्याला उद्या जेवायला यायचं नाही, त्याने आज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभं राहून "खाडा धरा" म्हणून सांगायचं, आणि परत कोणत्या दिवशी येणार तेही सांगायचं. बाईला अक्षरओळख बेताची, म्हणून चुलीमागच्या भिंतीवर प्रत्येक मेंबराची खूण होती. कुणाची हातोडी, कुणाची किल्ली, कुणाचा नुसताच ठिपका. खाडा सांगितला की त्या खुणेपुढे ती कोळशाने रेघ ओढायची, आणि महिनाअखेरीला रेघा मोजून तेवढ्या जेवणांचे पैसे वजा करायची. न सांगता गायब झालात, तर पैसे पुरे पडले. मग कितीही गयावया करा. "तुझ्या नावाचा उंडा मळून झाला," ती म्हणायची, "आता त्याचं काय परत पीठ करू?"

दापोडीला रेल्वेच्या रुळांपलीकडे एका गल्लीत तिच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत पंगत बसायची, मागच्या खोलीत चूल. वर्कशॉपातले बारा-तेरा गडी दोन वेळा जेवायला यायचे. कुणी नगरकडचा, कुणी बीडचा, कुणी साताऱ्याचा. घरदार मागे ठेवून आलेले. शालनबाईचा नवरा ज्योतीराम त्याच वर्कशॉपात टर्नर होता. लेथवर त्याचा हात असा बसलेला, की साहेब लोक अवघड काम आलं की त्यालाच हाक मारायचे. स्वभावाने मात्र गडी गरीब. वर मान करून बोलणं त्याला जमायचं नाही, आणि थोरल्या भावापुढे तर मुळीच नाही. त्या घरात जी काय धग होती, ती चुलीत होती आणि बाईत होती.

तर त्या दिवशी रात्रीची पंगत बसली होती. शालनबाई आत भाकरी थापत होती, आणि बाहेर ज्योतीराम घास घेता घेता म्हणाला, की मुंबईला गेल्या महिन्यात त्याने जी परीक्षा दिली होती ना, तिचा निकाल आला. कुवेतला तेलाच्या कंपनीत टर्नरची नोकरी लागली. महिना साडेतीनशे रुपये. इथे त्याला एकशेदहा पडत होते. तीन वर्षांचा करार, जायचं भाडं कंपनीचं, राहायला बराक फुकट, जेवण तेवढं आपलं.

बाहेर एकच गलका झाला. भैरू वेल्डरने तर पितळीवर मूठ आपटली. हा भैरू म्हणजे खानावळीतला सगळ्यात जुना मेंबर आणि सगळ्यात मोठं तोंड. तो सांगायला लागला, की अरे राव, तिकडं आपलाच रुपया चालतो. आपलाच, सिंहाचं चित्र असलेला. परका पैसा नाही की बदलून घ्यायची भानगड नाही. मग काय, साडेतीनशातले चाळीस खायचे नि बाकी सगळे शिल्लक. पंगतीतल्या सगळ्यांनी बोटांवर हिशेब करून पाहिला आणि सगळ्यांचा सारखाच आला.

आत तव्यावरची भाकरी फुगली, उतरली, दुसरी पडली. शालनबाईचे हात चालू होते, पण तिचं अंग रागाने तापलं होतं. आठ वर्षांचा संसार, आणि एवढी मोठी बातमी तिला कळली ती तेरा परक्या पुरुषांबरोबर, भिंतीआडून. साधा मेंबर दोन दिवस गावी जायचा तर उंबऱ्याशी येऊन सांगतो. ह्या माणसाला तीन वर्षं जायचं होतं आणि चार पावलं आत येऊन सांगायचं सुचलं नव्हतं.

पंगत उठल्यावर तिने त्याला गाठलंच. तो आधी चाचरला, मग बोलायला लागला, आणि बोलता बोलता त्याच्या चेहऱ्यावर उजेड आला. त्याला स्वतःचा लेथ हवा होता. चिंचवडला रस्त्याच्या कडेला पत्र्याची एक शेड, त्यात आपला लेथ, आपली मोटर. पिंपरीला औषधाचा कारखाना उठत होता, रस्त्याच्या दोन्ही अंगाला जमिनींची मोजणी चालली होती. उद्या इथे कंपन्याच कंपन्या होतील, त्यांना सुटे भाग लागतील, आणि ते कुणीतरी कातून द्यावेच लागतील. मग मीच का देऊ नये, असं त्याचं म्हणणं. जन्मभर दुसऱ्याच्याच लेथची पूजा करायची का?

हे खोटं नव्हतं. त्याचं लेथचं वेड तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचंही. इतर बायकांचे नवरे पत्त्यांत बसायचे. हा झोपेतसुद्धा हात गोल फिरवायचा. म्हणून ती जराशी निवळली आणि तिने विचारलं, की तुमी तिकडं, मग मी कुठं?

"तू गावाकडं," ज्योतीराम म्हणाला. "दादाला कळवलंय. ते येत्यात रविवारी."

आणि खानावळ? ती बंद करू, तो सहज म्हणाला, बाहेरचा दिवा मालवू म्हणावं तसा. मनिऑर्डर दादांच्या नावाने पाठवीन, तुला तिथे काही कमी पडायचं नाही. नवरा परदेशी असताना बाईने परक्या पुरुषांना वाढणं बरं दिसत नाही, असं दादांचं म्हणणं होतं.

ही खानावळ शालनबाईने दोन मेंबरांवर सुरू केली होती, उसन्या परातीवर. पातेली एकेक करून जोडली होती. हंडा घेतला त्या महिन्यात तिने नवं लुगडं घेतलं नव्हतं. ह्या गल्लीत तिला कुणी ज्योतीरामची बायको म्हणत नव्हतं. ज्योतीरामला शालनबाईचा मालक म्हणत होते. आणि आता तिची घडी घालून, फडताळात ठेवल्यासारखं तिला खटावला दिराच्या घरी ठेवून द्यायचं ठरलं होतं. ठरलंही होतं कुठे, तर तिच्या माघारी.

दुसऱ्या दिवशी ती नाक्यावरच्या बरकतच्या वखारीत लाकडं आणायला गेली. वजन करता करता बरकतने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, की बाई, आज कुणाशी भांडण? तिने सांगितलं. बरकत म्हणाला, आमचा करीम कुवेतलाच आहे की. माझा चुलतभाऊ, मोटार-मेकॅनिक. त्याची बायको कासारवाडीला असते. भैरूला काय विचारता, भैरू गेलाय कधी खडकीच्या पुढं? नजमुन्निसाला विचारा.

दुपारची पंगत उरकून शालनबाई रुळांच्या कडेने कासारवाडीला गेली. ऊन मी म्हणत होतं. नजमुन्निसाचं घर स्टेशनाजवळच होतं. घर म्हणजे जेठाच्या, थोरल्या दिराच्या, घरातली एक खोली. तिने पाणी दिलं, बसायला चटई टाकली, आणि शालनबाईने कशासाठी आलो ते सांगितल्यावर आधी दार लोटून घेतलं.

मग ती सांगत राहिली आणि शालनबाई ऐकत राहिली. रुपया तिकडे आपलाच चालतो हे खरं होतं. पण त्या मुलखात काही पिकत नाही. कांदा बोटीतून येतो, पीठ बोटीतून येतं, लिंबू मिळालं तर चार आण्याला एक. पाणीसुद्धा गाढवावरून विकायला येतं, डब्याच्या हिशेबाने. पहिल्या महिन्यात करीमने इथल्यासारखी अंघोळ केली आणि पगार आला तेव्हा डोक्याला हात लावला. उन्हाळ्यात बराकीत झोपवत नाही म्हणून बर्फाला पैसे, आजारी पडला तर दिवसाचा पगार कापला. चाळीस रुपयांत जेवतो म्हणणाऱ्याला तिथे सव्वाशेसुद्धा पुरत नाहीत. मग नजमुन्निसा म्हणाली, की बाई, हा झाला तिथला खर्च. तो सगळे विचारतात. इथला कुणी विचारत नाही.

इथला खर्च म्हणजे काय, ते तिने आवाज बारीक करून सांगितलं. पैसे जेठाच्या नावावर येतात. जेठ वाईट माणूस नाही. पण साबणाची वडी हवी असली तरी त्याच्या बायकोला सांगावं लागतं, मग ती त्याला सांगते, मग तो विचारतो, की मागची इतक्यात संपली? नवरा शेकड्यांनी कमावतो आणि ती साबणाला मोताद. तीन वर्षं म्हणून करीम गेला, त्याला आता पाचवं लागलं होतं. कागदातच लिहिलं होतं म्हणे, कंपनीच्या गरजेप्रमाणे मुदत वाढेल. मधे एकदा दीड महिन्यासाठी आला होता. जेवण झालं की स्वतःची थाळी स्वतः विसळून भिंतीला टेकवून ठेवायचा आणि तिथेच उभा राहायचा, कुणी जा म्हणेपर्यंत. बराकीतली सवय.

"मैं बोली, ये तुम्हारा घर है," नजमुन्निसा म्हणाली. "तर म्हणाला, हो, विसरलोच."

शालनबाई परत निघाली तेव्हा तिच्या पायांना चटके बसत होते आणि तिला त्याचं भान नव्हतं. साबणाच्या वडीने तिला राग आला होता, पण त्याहून जास्त दुसऱ्याच गोष्टीने आला होता. परत यायची तारीखच नाही! असला खाडा तिने आयुष्यात धरला नसता. कुणी मेंबर येऊन म्हणाला असता, की बाई, जातो, कधी येईन ते मालक ठरवील, तर तिने त्याला पळीने बाहेर काढला असता.

रात्री तिने ज्योतीरामला सगळं सांगितलं, पाण्याच्या डब्यासकट. तो म्हणाला, असं कसं, रुपया तर आपलाच आहे ना?

"रुपया आपला हाय," ती म्हणाली. "बाजार आपला न्हाई."

त्याने पुन्हा बोटं मोजली. या वेळी मोजायला वेळ लागला, आणि मोजून झाल्यावर त्याने हात मांडीखाली घेतला. तीन वर्षांत लेथ होत नव्हता. जेमतेम निम्मा होत होता. उरलेल्यासाठी कंपनी म्हणेल तितकी वर्षं तिथेच. त्याचा पडलेला चेहरा बघून तिला वाईट वाटलं. नका जाऊ म्हण, असं तिचं मन म्हणत होतं, आणि म्हटलं असतं तर तो राहिलाही असता. पण मग जन्मभर झोपेत हात फिरवणाऱ्या माणसाशेजारी तिला निजावं लागलं असतं, आणि त्या हाताला आपण बांधून ठेवलं हे रोज आठवलं असतं. ते तिला नको होतं. ती इतकंच म्हणाली, की आता कळलं ना, मग दादा आले की त्यांना तुमच्या तोंडानं सांगा. तो हो म्हणाला. त्याचं दादापुढचं हो म्हणजे काय, हे तिला आठ वर्षांत चांगलं ठाऊक झालं होतं.

रविवारी दादा, म्हणजे सोपानराव, आले. धोतर, कोट, डोक्याला फेटा, गावात पंच म्हणून मान. आणि काखेत काय, तर दोन रिकामी पोती. शालनबाईने दारातूनच पाहिली. पाहुणा येताना काहीतरी खाऊ आणतो. हे भांडी भरायला पोती घेऊन आले होते. हातपाय धुता धुता त्यांनी भावाला सांगितलंही, की मोठ्या हंड्याचं आणि दोन पातेल्यांचं खडकीच्या एका तांबटाशी बोलून आलोय, वजनावर घेईल.

दीर थोरला, तेव्हा त्याच्यासमोर डोक्यावरून पदर आणि तोंडातून शब्द नाही, ही रीत. लग्न झाल्यापासून शालनबाईने ती पाळली होती. काही सांगायचं असलं तर ती भिंतीला सांगायची, आणि सोपानराव भिंतीलाच उत्तर द्यायचे. त्या दिवशी तिने भिंतीलाही काही सांगितलं नाही. मुकाट्याने रश्श्याला फोडणी दिली. रविवारचं मटण होतं, सगळे मेंबर हजर होते. सोपानरावांना मानाच्या जागी पाट मांडला, शेजारी ज्योतीराम बसला.

दोन घास झाले असतील नसतील, तोच सोपानरावांनी खाकरून पंगतीला सांगितलं, की मंडळी, उद्यापासून ही खानावळ बंद. तुम्ही आपली दुसरीकडे सोय बघा. ज्योतीराम परमुलखात चाललाय, सूनबाई गावी येतील. घराण्याची अब्रू असते. मेंबरांनी, भैरूनेसुद्धा, माना खाली घातल्या. शालनबाई उंबऱ्याआड उभी राहून नवऱ्याकडे बघत होती. आता बोलेल, आता बोलेल. ज्योतीराम भाकरीचा एक तुकडा रश्श्यात बुडवत राहिला, बुडवत राहिला, आणि तो तुकडा रश्श्यातच विरघळून गेला.

तेव्हा शालनबाई उंबरा ओलांडून पुढे आली. पदर डोक्यावर होता, पण मान वर होती.

"भावजी, आठ वर्सांत तुमच्यापुढं तोंड उघडलं न्हाई, आज उघडती," ती म्हणाली. "ह्यांना लेथ पायजे, ह्यांनी जावं. मी आडवी यायची न्हाई. पर माझी चूल बंद व्हायची न्हाई. माझी भांडी तुमच्या पोत्यात जायची न्हाईत. मनिऑर्डर यील ती माझ्या नावानं यील, मी अंगठा न्हाई, सही करीन, तेवढं शिकीन. आन एक. परत कवा येणार त्याची तारीख कागदावर लिवून आणल्याबिगर ह्यांना मी ह्या उंबऱ्याबाहेर सोडायची न्हाई. इथला मेंबर दोन दिसांसाटी गेला तरी तारीख सांगून जातो. माझा नवरा काय मेंबरापरीस कमी हाय?"

पंगतीत कुणी घास गिळला नाही. सोपानराव आधी पांढरे पडले, मग लाल झाले. ते तिच्याशी नाही बोलले. भावाला म्हणाले, की बायको बोलतेय आणि तू ऐकतोयस. मग ताटावरून उठलेच. पाण्याने भरलेला तांब्या त्यांनी उचलला आणि स्वयंपाकघराकडे चालू लागले. क्षणभर कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग सगळ्यांच्याच आलं. ते चुलीत पाणी ओतायला निघाले होते.

पेटत्या चुलीत पाणी! मयत झालेल्या घरातसुद्धा माणसं तेवढं करत नाहीत. शालनबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला. ती तसूभर हलली नाही. तिने ठरवलं होतं, ओतायचं तर आधी माझ्यावर ओता.

आणि मग ज्योतीराम उठला. उष्ट्या हाताने, ताट तसंच टाकून. तो दोघांच्या मधे आला. भावाच्या डोळ्याला डोळा द्यायची त्याची अजूनही छाती नव्हती. तो तांब्याकडेच बघत होता. डाव्या हाताने त्याने तांब्या धरला, हळूच दादांच्या मुठीतून सोडवून घेतला, आणि मान वर करून घटाघटा पिऊन टाकला. सगळा. शेवटचा थेंबसुद्धा.

"तहान लागली व्हती, दादा," तो म्हणाला. "रस्सा तिखट झालाय."

भैरूला ठसका लागला. तो ठसका हसण्याचा होता हे सगळ्यांना कळलं, सोपानरावांना तर आधी कळलं. ज्योतीराम रिकामा तांब्या छातीशी धरून उभा होता, आणि आता त्याचा आवाजही फुटला. हळूच, पण फुटला. तो म्हणाला, शालन बोलली तसंच होईल. मनिऑर्डर तिच्या नावानं. तुमी बसा, जेवण पुरं करा, ताटावरून उठू नये.

सोपानराव बसले नाहीत. ह्या घराचं पाणी पिणार नाही म्हणाले, जे पाणी धाकट्याने आधीच पिऊन टाकलं होतं, आणि पायात चपला सरकवून स्टेशनाकडे गेले. पोती मात्र इथेच राहिली. शालनबाईने ती संध्याकाळी धुतली आणि दाराशी पाय पुसायला टाकली.

सोमवारी सह्या करायला मुंबईला जायचं होतं. ज्योतीराम सकाळच्या पॅसेंजरने गेला. दिवसभर तिचं लक्ष कशात लागेना. घरात तांब्या पिणं वेगळं आणि मुंबईत साहेबाच्या मेजापुढे उभं राहणं वेगळं. तिथे सही कर म्हटलं की हा करून मोकळा होईल, तारखेचं विचारायला ह्याची जीभ उचलायची नाही, असं तिला वाटत होतं. पुन्हा मनात यायचं, की आपण फार ताणलं का? मग यायचं, की ताणलं तर ताणलं. पाच वर्षं साबण मागत बसायला माझ्या आईने मला जन्म दिला नाही.

संध्याकाळी पीठ मळताना तिने नेहमीसारखाच त्याच्या नावाचाही उंडा काढला. खाडा सांगितला नव्हता ना, मग उंडा पडणारच. मेंबर जेवून गेले. भैरू जरा रेंगाळला, काही बातमी कळते का बघायला, आणि तिने बघितल्यावर तोही गेला. काठवटीत तो एकटा उंडा राहिला, वर ओलं फडकं टाकलेला.

ज्योतीराम आला तेव्हा चुलीत निखारेच उरले होते. त्याने पोत्याला पाय पुसले. नेहमी तो आल्यावर सरळ पाटावर बसायचा. आज बसला नाही. पुढची खोली ओलांडून तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आला आणि तिथेच थांबला, बाहेरच्या बाजूला, मेंबर थांबतात तसा.

"खाडा सांगायचा व्हता," तो म्हणाला.

म्हणजे हा जाणारच, शालनबाईला कळलं. हे तिनेच कबूल केलं होतं, भर पंगतीत. तिने उंडा हातात घेतला आणि थापायला लागली, कारण हातांना काही काम हवं होतं. कधीपासून, तिने विचारलं. पुढच्या महिन्याच्या अमावस्येनंतर, बोटीचं ठरलं की. आणि परत?

त्याने सांगितलं. तारीख विचारल्यावर कारकून हसला होता, रांगेतली माणसंही हसली होती. म्हणाले, बायकोने सांगितलंय वाटतं? त्याने सांगितलं, हो, बायकोनेच सांगितलंय. मग तो रांगेतून बाजूला झाला आणि भिंतीला टेकून उभा राहिला, साहेब जेवून येईपर्यंत. साहेबाला टर्नर हवे होते आणि हातातला टर्नर सोडवत नव्हता. शेवटी सव्वा वर्षाचा करार झाला, मुदत वाढायची नाही असं लिहून घेतलं, आणि त्यापायी पगारातले पन्नास रुपये गेले. नवा लेथ काही व्हायचा नाही. जुना मिळेल, मुंबईच्या बाजारातला, हात फिरवून चांगला करता येईल असा.

"पुढल्या सालच्या खंडेनवमीला मी हितं," तो म्हणाला. "हत्यारांची पूजा आपल्या घरात. लिवून आणलंय."

तिने भाकरी तव्यावर टाकली. पदराने तोंड पुसलं, दोनदा पुसलं. मग वैलातला एक विझलेला कोळसा घेऊन भिंतीशी गेली. सगळ्यांच्या खुणा तिथे होत्या, हातोडी, किल्ली, ठिपका. ज्योतीरामची नव्हती, घरच्या माणसाला खूण कशाला लागते? ती टाचा उंचावून उभी राहिली, आणि सगळ्यांच्या वर, जिथे सारवतानाही सहसा कुणाचा हात पोचत नाही तिथे, एक वाटोळं चाक काढलं. लेथचं. त्याच्यापुढे रेघ मात्र ओढली नाही.

रेघा कशा ओढल्या नाहीत म्हणून त्याने विचारलं. रोजच्या रेघा ओढत बसले तर भिंत पुरायची नाही, ती म्हणाली. तुमच्या नावाचा उंडा रोज पडेल. कुणी ना कुणी भुकेला येतोच.

"पर खंडेनवमीला भाकरी तव्यावर असंल," त्याच्याकडे पाठ करूनच ती म्हणाली. "एक दिस जरी उशीर झाला, तर सव्वा वर्साचे पैसे पुरे पडतील. मला गयावया चालत न्हाई."